मितभाषी, मृदुभाषी द्वारकाबाई

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाईंनी नवऱ्याला विचारलं, "चहा घेता का?" आणि विश्वंभररावांच्या हातातला पाण्याचा तांब्या अंगणात पडला.

तसं पाहिलं तर प्रश्न साधा होता. पण तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. रोजचा चहा यायचा तो "घ्या, निवून राहिला, मंग म्हणसाल गार दिला" असा यायचा. नाहीतर "कप तिथंच ठेवू नका, मुंग्या होतेत" असा यायचा. चहा हवा की नको हा विषय त्या घरात निघालाच नव्हता. विश्वंभररावांनी तांब्या उचलला आणि आता काहीतरी ऐकायला मिळणार म्हणून खांदे थोडे वर घेऊन उभे राहिले.

"असू द्या," द्वारकाबाई म्हणाल्या. "पडतो एखाद्या टायमाला."

विश्वंभरराव चहा न पिताच शेताकडे निघून गेले.

पांगरखेडी हे खेडं डोंगरकडा गावाच्या रस्त्याला, फाट्यावरून आत आहे. गावात एक चौक आणि चौकात द्वारकाबाईंचं घर. घराच्या ओट्यासमोर सार्वजनिक नळ आणि हापसा, डाव्या हाताला एसटी वळते ती मोकळी जागा, उजव्या हाताला संतरामचं कृषी केंद्र. म्हणजे गावाला जे काही बिघडवता येण्यासारखं होतं ते सगळं ओट्यावरून नीट दिसत होतं. आणि द्वारकाबाईंना दिसलं की त्या बोलत.

बोलत म्हणजे काय, तर कुणी नळ चालू टाकून घागर उचलली की ओट्यावरून आवाज यायचा, "ए, तुह्या बापानं धरण बांधलं का? फिरव ती चावी!" कुणी हापशाला म्हैस बांधली की, "माणसानं पाणी प्यायचं का हिचं शेपूट धरून बसायचं?" एसटीच्या जागेत जीप लावली की जीपवाल्याच्या दोन पिढ्यांचा उद्धार व्हायचा. आवाज असा की तो शाळेपर्यंत जायचा आणि तिथले गुरुजी म्हणत, तेवढा वेळ वर्गात आपोआप शांतता होते. दारू पिऊन घरी जाणारे लोक चौक टाळून मारुतीच्या मागच्या बोळातून जात. त्या बोळात त्यांच्या पायांनी एक वाट पडली होती.

हे सगळं कुणी त्यांना करायला सांगितलेलं नव्हतं. त्यात त्यांना मिळतही काही नव्हतं. स्वैपाक, शेत, गुरं सांभाळून त्या हे करीत, आणि गाव त्यांना पाठीमागे "तोफ" म्हणत असे. विश्वंभरराव स्वभावाने अगदी गरीब. बायकोचा आवाज लागला की ते पेपर थोडा वर धरत आणि आपण या घरात पाहुणे आलो आहोत असा चेहरा करून वाचत राहत.

यंदा गावातल्या ग्रामविकास मंचाने पहिल्यांदाच ग्रामगौरव पुरस्कार द्यायचं ठरवलं. गावासाठी विनामोबदला झटणाऱ्या माणसांचा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनानंतर सत्कार करायचा, अशी कल्पना. मंचाचा अध्यक्ष संतराम. द्वारकाबाईंचं नाव त्यानेच सुचवलं. बाकीच्यांना आश्चर्य वाटलं, कारण दुकानासमोर रस्त्यावर खताची पोती उतरवण्यावरून सगळ्यात जास्त बोलणी तोच खात असे.

"काकूमुळं नळाला पाणी टिकतं, हे खरं हाय का न्हाई?" संतराम म्हणाला. ते खरंच होतं. मग त्याने आवाज खाली आणला. "आन् दुसरं म्हंजे, एकदा का माणसाच्या अंगावर शाल पडली, की माणूस जरा दबून ऱ्हातो."

दुसरं नाव नीलाबाईंचं निघालं. नीलाबाईंनी सगळी उमर अंगणवाडीत काढली होती. त्या इतक्या हळू बोलत की त्यांच्यासमोर बसलेल्या लेकरांना ऐकण्यासाठी गप्प बसावंच लागे, आणि सगळ्या गावाचं मत असं होतं की पांगरखेडीची पोरं त्याच कारणाने अंगणवाडीत हुशार आणि पुढे शाळेत वांड निघतात.

सूत्रसंचालनाला शेजारच्या तांड्यावरचा रणजीत होता. लग्न असो, वाढदिवस असो, सेवानिवृत्ती असो, रणजीतकडे शब्दांची कमी नव्हती. त्याने फक्त माणसाची माहिती मागायची, बाकी सजावट तो स्वतः करायचा. संतरामने दोघी बायकांची माहिती त्याला फोनवरून सांगितली. तेव्हा संतरामच्या मागे उडदाचं मळणीयंत्र चालू होतं आणि रणजीत मोटरसायकलवर होता. माहिती पोचली सगळी, फक्त कुणाची कोणती एवढंच इकडचं तिकडे झालं.

त्यामुळे भरल्या मैदानात, माइकवर, रणजीतने डोळे अर्धे मिटून सुरुवात केली, "मितभाषी! मृदुभाषी! ज्यांच्या मुखातून आजवर कुणाला एक वावगा शब्द गेला नाही! ज्यांच्या नुसत्या कुजबुजीनं लेकरांच्या मनात फुलं फुलली, अशी मायेची मूर्ती, अशी शांतीची सावली... द्वारकाबाई!"

मागे एक जण खोकला. एकाने तोंडात उपरण्याचा बोळा घातला. पण मोठ्याने हसायची कुणाची छाती झाली नाही, कारण द्वारकाबाई व्यासपीठावरून सगळ्यांकडे बघत होत्या. त्यांच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. पुढच्या रांगेत बसलेल्या विश्वंभररावांना दिसलं, की बायकोचे डोळे भरून आले आहेत. त्यांनी असं पूर्वी एकदाच पाहिलं होतं, लेकीला सासरी लावून देताना.

मग नीलाबाईंचं नाव आलं. "जिच्या एका आरोळीनं अख्खं गाव थरथर कापतं, अशी रणरागिणी! अशी वाघीण!" नीलाबाईंनी आपल्या मागून कोण येतंय म्हणून वळून पाहिलं.

त्या दिवसापासून द्वारकाबाई ओट्यावर बसायच्या, सगळं बघायच्या, आणि बोलायच्या नाहीत.

सुरुवातीला गावाला विश्वास बसेना. एका बाईने नळ मुद्दाम चालू टाकला आणि ओट्याकडे बघत उभी राहिली. द्वारकाबाई तिच्याकडे बघून हसल्या. बाई घाबरून घागर तशीच सोडून पळाली. पण एकदा खात्री पटल्यावर गावाने मोकळा श्वास घेतला. मारुतीमागचा बोळ ओस पडला, तिकडची सगळी मंडळी ताठ मानेने चौकातून येजा करू लागली. हापशाला एकाची म्हैस होती, तिथे तिघांच्या झाल्या. संतरामची पोती दुकानासमोरून सरकत सरकत रस्त्याच्या मध्यापर्यंत आली. संतराम खुशीत होता. "म्हणलो न्हवतो मी? शालीचा गुण हाय!" असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

घरात मात्र विश्वंभररावांची अवस्था बिकट झाली होती. भाजीत मीठ नव्हतं, त्यांनी ते तसंच खाल्लं, तर द्वारकाबाई म्हणाल्या, "मीठ ऱ्हायलं वाटतं. तुमी सांगायचं की." त्यांनी चिखलाचे पाय घेऊन घरभर चालून पाहिलं. द्वारकाबाईंनी मागून येऊन फरशी पुसली. रक्तदाबाची गोळी घ्यायची राहिली, तरी कुणी ओरडलं नाही. शेवटी गोळी स्वतःच आठवून घ्यावी लागली, आणि हे आठवायचं काम डोक्याला किती जड असतं ते त्यांना पहिल्यांदाच कळलं. माणसाच्या कानाशी रोज गिरणी चालू असावी आणि एका सकाळी ती बंद पडावी, तसं त्यांना होत होतं. झोप लागेना.

त्यातच लेकीचा, कोमलचा, सेनगावहून नेहमीसारखा फोन आला. आईशी दोन मिनिटं बोलणं झालं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कोमल बॅग घेऊन दारात हजर. आल्या आल्या ती बापाला बाजूला घेऊन गेली.

"बाबा, आईला दवाखान्यात दाखवलं का?"

"काहून? तुला काय म्हणाली?"

"कायच म्हणाली न्हाई! तेच तर सांगून राहिले. मी म्हणलं, सासूबाईनं मला बोललं. तर म्हणती, 'जाऊ दे बाळा, मोठ्या हायेत त्या.' बाबा, आई मला बाळा म्हणली!"

"मला बी परवा 'जेवता का' म्हणली," विश्वंभरराव म्हणाले.

बापलेकीने एकमेकांकडे पाहिलं. कोमल लहानपणापासून धीट. तिने आईची परीक्षा घ्यायची ठरवलं. चुलीवर दूध ठेवलं आणि उतू जाईपर्यंत मोबाइल बघत बसली. दूध भसकन चुलीत गेलं. घरभर वास सुटला. द्वारकाबाई आल्या, पातेलं उतरवलं, चूल पुसली आणि म्हणाल्या, "थकली असशील गं. जा, पड जरा."

कोमल परसदारी जाऊन रडली.

इकडे गावाचा आनंदही फार टिकला नाही. नळ चालू राहू लागले, तशी टाकी सकाळीच रिकामी होऊ लागली आणि वरच्या आळीला पाणी चढेना. वरच्या आळीच्या बायका खालच्या नळावर आल्या, म्हणून गर्दी झाली, गर्दी झाली म्हणून भांडणं झाली, आणि भांडणात नळाची चावीच तुटली. मग टाकीत येईल तेवढं पाणी चौकात. चिखलात म्हशी बसल्या. एसटीच्या जागेत आधी एक जीप, मग दोन, मग कुणाचा तरी ट्रॅक्टर. एसटीच्या चालकाने दोन दिवस गाडी मागे-पुढे करून पाहिली. तिसऱ्या दिवशी त्याने सगळ्या पांगरखेडीकरांना फाट्यावरच उतरवलं, म्हणाला, "तुमच्या गावात गाडी वळंना, अन् मला म्हशी हाकायचा पगार न्हाई." कळमनुरीला शाळेत जाणाऱ्या पोरी, बाजारहाट करून आलेल्या बाया, सगळे फाट्यापासून ओझी घेऊन पायी येऊ लागले.

संतरामला याचं फारसं वाटलं नसतं. पण रब्बीसाठी मागवलेलं हरभऱ्याचं बियाणं घेऊन ट्रक आला, त्याला चौकात शिरायला जागा नव्हती. वाटेत म्हशी होत्या, जीपा होत्या, आणि सगळ्यात पुढे संतरामची स्वतःची पोती होती. ट्रकवाल्याने माल फाट्यावर उतरवला. संतरामने तो डोक्यावरून गावात आणला. शेवटचं पोतं टाकून तो ओट्यासमोर उभा राहिला आणि आशेने म्हणाला, "बघा काकू, काय कळा आली चौकाला!"

"तकलीफ झाली न भाऊ तुमाला," द्वारकाबाई म्हणाल्या. "पाणी देऊ का?"

त्याच संध्याकाळी मंचाची बैठक बसली. कुणीतरी म्हणालं, वाघीण म्हणून सत्कार नीलाबाईंचा झाला आहे, तर चौकाचं काम आता रीतसर नीलाबाईंनीच करावं. नीलाबाई नाही म्हणणाऱ्या बाई नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्या अंगावर शाल घेऊन नळापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "राजांनो, पाणी वाया घालवू नये. पाण्याला राग येतो." हे वाक्य ज्या दोघी बायकांना ऐकू गेलं, त्यांना ते इतकं आवडलं की त्या घागरी ठेवून त्यांच्याशी जुन्या गोष्टी बोलत बसल्या. नळ वाहतच होता. दुपारी नीलाबाईंचा घसा बसला. मुळात तो उभा कधी होता हाच प्रश्न, पण त्यांनी मंचाला निरोप पाठवला की इतकं ओरडणं या वयात होत नाही.

मग दुसरा उपाय निघाला. द्वारकाबाईंना चिडवायचं. एकाने आपली म्हैस आणून थेट द्वारकाबाईंच्या ओट्याच्या खांबाला बांधली आणि सगळं गाव आपापल्या दारातून कान टवकारून बसलं. द्वारकाबाई बाहेर आल्या. म्हशीकडे पाहिलं. आत गेल्या आणि पेंडीचं टोपलं घेऊन आल्या. संध्याकाळी मालक म्हैस सोडायला गेला तर म्हैस जागची हलेना. तिला ते घर आवडलं होतं.

शेवटी संतरामने मनाशी ठरवलं, की जाऊन खरं काय ते सांगून टाकायचं. काकू, ते वर्णन तुमचं नव्हतं, रणजीतनं घोटाळा केला, तुमी आपल्या पहिल्यासारख्या व्हा. वाक्य पाठ करून तो रणजीतला बरोबर घेऊन गेला. द्वारकाबाईंनी दोघांना सतरंजी टाकली, पोहे केले. रणजीतच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "ह्या लेकरानं मला जे म्हणलं, ते आजपर्यंत माह्या मायनं बी म्हणलं न्हाई." मग संतरामकडे वळून म्हणाल्या, "आन् भाऊ, तुमी नाव सुचवलं म्हणून. गावासाठी लई करता तुमी."

संतरामच्या घशात पोहे अडकले. "बराबर हाय, बराबर हाय," म्हणत तो उठला. बाहेर येऊन त्याने रणजीतला विचारलं, "तू काहून बोलला न्हाईस?"

"मी सूत्रसंचालन करतो, भाऊ," रणजीत म्हणाला. "मुख्य भाषण अध्यक्षाचं असतं."

दोघे शेतात विश्वंभररावांकडे गेले. सोयाबीन पिवळं पडत आलं होतं, विश्वंभरराव बांधावर एकटेच बसले होते. संतराम म्हणाला, "तात्या, आता तुमीच सांगा. तुमची बायको हाय."

"म्हणूनच तर सांगता येत न्हाई," विश्वंभरराव म्हणाले.

पण सांगावं तर लागणार होतं. घरी आले तेव्हा द्वारकाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. कोमल आत कपड्यांच्या घड्या घालत होती, उद्या तिला सेनगावला परत जायचं होतं. विश्वंभरराव समोर बसले. एक पाकळी त्यांनीही सोलायला घेतली. बराच वेळ ती एकच सोलत राहिले.

"ते पुरस्काराचं," ते म्हणाले. "त्या रणजीतनं जे म्हणलं... मितभाषी, मृदुभाषी..."

"ते नीलाबाईचं होतं," द्वारकाबाई म्हणाल्या. "माहीत हाय मला."

विश्वंभररावांच्या हातातली पाकळी थांबली. "कधीपासून?"

"तवाच. नीलाबाईला वाघीण म्हणल्यावर मला कळणार न्हाई? मी काय येडी हाये?" एवढं वाक्य जरा जुन्या धाटणीचं आलं. आतल्या खोलीत घड्या घालायचा आवाज बंद झाला. पण द्वारकाबाई लगेच पुन्हा मऊ झाल्या.

"मंग तू... गप काहून राहिली?"

द्वारकाबाईंनी सोललेल्या पाकळ्या एका बाजूला केल्या. "मला काय वरडायची हौस हाय का हो? त्या चौकात नळ वाहता ऱ्हायला तर सगळ्या गावाला दिसतो. तुमाला बी दिसतो. तुमी तर माह्या बाजूलाच पेपर घेऊन बसलेले. मी वरडले की तुमी पेपर वर करता. लाज वाटती तुमाला माही. पण नळाचं पाणी तुमी बी पेताच की."

विश्वंभरराव थांबलेली पाकळी पुन्हा सोलू लागले.

"इतके वरीस मी एकटीच तोंड वाजवलं. समद्यांचं काम झालं, वाईट मी झाले. तोफ म्हणतेत मला, मला काय ऐकू येत न्हाई का? त्या दिवशी त्या पोरानं, चुकून का व्हईना, चार लोकांत मला मऊ म्हणलं. इतकं बरं वाटलं..." त्या थांबल्या. मग सालं सुपात भरत म्हणाल्या, "आता जरा राहू द्या मला मऊ. मला आवडून राहिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वंभरराव ओट्यावर पेपर घेऊन बसले. पेपर वर धरायचं काही कारण नव्हतं, तरी सवयीने वर धरला गेला. त्यांनी तो खाली घेतला. चौक समोर होता. तुटक्या चावीतून पाणी वाहत होतं, कुणी त्याला कापडाची चिंधीसुद्धा बांधली नव्हती. म्हशी होत्या. एक जीपवाला एसटीच्या जागेत जीप आडवी लावून तंबाखू मळत होता. संतरामची पोती होती. आणि मागे दारात कोमल दोन पिशव्या आणि बॅग घेऊन उभी होती. तिला आता या चिखलातून फाट्यापर्यंत चालत जायचं होतं. पिशव्यांमध्ये आईने दिलेली हळद आणि उडीद होते.

एक तरणा गडी मोटरसायकल धुवायला नळाखाली घेऊन आला. पाण्याचा एक ओघळ सरकत सरकत ओट्याच्या पायरीशी आला आणि विश्वंभररावांची चप्पल त्यात तरंगायला लागली.

"अरे," विश्वंभरराव म्हणाले. आवाज इतका लहान आला की त्यांना स्वतःलाच नीट ऐकू आला नाही. त्यांनी घसा खाकरला. मग काय झालं कुणास ठाऊक, ते ओट्यावर ताडकन उभे राहिले.

"ए! तुह्या बापानं धरण बांधलं का?"

मोटरसायकलवाल्याच्या हातून बादली निसटली. चौकातल्या सगळ्यांनी चमकून आधी दाराकडे पाहिलं, द्वारकाबाई बाहेर आल्या का म्हणून. दारात फक्त कोमल होती आणि तिचं तोंड उघडं होतं. मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की ओरडतोय तो तात्या.

"काय बघून राहिले रे? चिंधी बांध त्या नळाला! आधी चिंधी बांध, मंग तुही गाडी धू, नदीला जाऊन धू! आन् ए जीपवाल्या, ही जागा काय तुला आंदण मिळाली का? काढ! म्हशी कुणाच्या ह्या? ज्याच्या असतील त्यानं आत्ता सोडा, न्हाईतर मी सोडतो, मंग हुडकत बसा डोंगरकड्यापर्यंत! संतराम! ए संतराम!"

संतराम दुकानातून धावत बाहेर आला.

"पोते उचल!"

"तात्या, तुमी?" संतरामच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की जणू त्याचंच नाव पुरस्काराला निघालं होतं. "उचलतो तात्या! आत्ता उचलतो!" आणि त्याने खरोखरच पहिलं पोतं पाठीवर घेतलं. म्हशी सुटल्या. जीप निघाली. ट्रॅक्टरवाल्याला घरातून जेवणावरून उठवून आणलं गेलं. विश्वंभररावांचा आवाज सुरुवातीला मध्येच चिरकत होता, पण हळूहळू त्याला वाट सापडली. तीस वर्षं शेजारी बसून त्यांचं शिक्षण नीट झालं होतं, एकही शब्द आठवावा लागला नाही. सगळं हटल्यावरही ते थांबेनात. मोकळ्या जागेकडे बोट करून म्हणाले, "अशीच ठेवायची ही! अशीच!" सावलीला बसलेला एक म्हातारा, ज्याचा कशाशीच संबंध नव्हता, तोही उठून उभा राहिला.

संतराम मोटरसायकल घेऊन फाट्यावर गेला आणि एसटीच्या हाता-पाया पडून तिला गावात घेऊन आला. चालकाने एका दमात गाडी वळवली. कोमल घरासमोरूनच गाडीत बसली. खिडकीतून वाकून आईला हळूच म्हणाली, "आई, बाबाला दवाखान्यात दाखवायचं का गं?"

"काही न्हाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "उशिरा का व्हईना, फुटलं तोंड."

दुपारपर्यंत विश्वंभरराव ओट्यावर होते. लोक येताना जाताना "राम राम तात्या" म्हणून जरा वाकून जात होते. आजवर त्यांना असं कुणी वाकून गेलं नव्हतं. मारुतीमागच्या बोळात कुणीतरी पुन्हा जाऊ लागल्याचंही कानावर आलं. घसा पार बसला होता, पण मन कसं भरून आलं होतं. ते घरात आले ते त्याच भरात आले.

"पाणी दे!" ते उंबऱ्यातूनच म्हणाले. "दिसत न्हाई का माणूस उन्हातून आलाय? आन् हे टोपलं कुणी ठेवलं वाटेत? पाय अडकून पडायचं का माणसानं? काय बाई लोक..."

आणि तिथं ते थांबले. आपण कुठे उभे आहोत आणि कुणाशी बोलतोय हे त्यांच्या एकदम ध्यानात आलं. चुलीवर भाजी रटरटत होती.

द्वारकाबाई स्वैपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. तांब्या नवऱ्याच्या हातात दिला. पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला. आणि आजवर कधी बोलल्या नव्हत्या इतक्या हळू, नीलाबाईंनाही ऐकायला पुढे वाकावं लागलं असतं इतक्या मऊ आवाजात म्हणाल्या,

"हे ओट्यावरचं, ओट्यावरच ठेवून घरात येत जावा."

विश्वंभरराव "बरं" म्हणाले. पाणी प्यायले. मग खाली वाकून टोपलं उचललं आणि जिथल्या तिथं नेऊन ठेवलं.